विशेष गरजा असलेलं मूल शाळेत जखमी झालं तर: गोव्यातल्या पालकांसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

मूल शाळेत पडलं, भाजलं, बालरथातून (शाळेच्या बसमधून) उतरताना आपटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, चूक कुणाची? पुढे प्रकरण आयोगासमोर किंवा न्यायालयात गेलं, तर तिथे विचारलं जातं ते थोडं वेगळं असतं. या मुलाला असा अपघात होऊ शकतो हे शाळेला माहीत होतं का? माहीत होतं, तर शाळेने काय केलं? खाली सांगितलेलं प्रत्येक पाऊल या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आणण्यासाठी आहे. ज्यांचं मूल नुकतंच शाळेत जाऊ लागलंय, किंवा ज्यांना मुलाचं निदान नुकतंच कळलंय, अशा पालकांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितेय. पहिली दोन पावलं इजा होण्याच्या आधीची आहेत. त्यांच्यावर मी सर्वांत जास्त जागा खर्च केली आहे, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच जिंकली किंवा हरली जातात.

जबाबदारी येते कुठून

'शाळेत इजा झाली तर अमुक इतकी भरपाई' असं सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. पाया आहे तो निष्काळजीपणाच्या तत्त्वाचा. शाळेच्या वेळेत मूल शाळेच्या ताब्यात असतं. त्या वेळात समजूतदार पालक घेईल तितकी काळजी शाळेने घ्यायची. ती घेतली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. शिक्षक, मदतनीस, बालरथावरचे कर्मचारी यांच्या हलगर्जीपणाचं उत्तर व्यवस्थापनालाही द्यावं लागतं. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या बधानी इथल्या डलहौसी पब्लिक स्कूलची १४ मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली आणि शिक्षकांच्या चुकीची जबाबदारी शाळेवर ठेवली. पुढे कुंभकोणमच्या २००४ च्या आगीनंतर सुरू झालेल्या खटल्यात, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं याच न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी यावर आणखी एक थर चढतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ पालकांनी एकदा तरी स्वतः वाचावं. सरकारी असो वा सरकारमान्य, शाळेने या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि आवार त्यांना वापरता येईल असं ठेवायचं, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आणि ने-आण करण्याची व्यवस्था बघायची, असं ते सांगतं. म्हणजे कमी दिसणाऱ्या मुलीच्या वाटेत पायरीची कड रंगवलेली नसणं आता नुसती गैरसोय राहत नाही. ती पडली, तर 'सोय करणं तुमचं कर्तव्य होतं' असं कायद्याचं कलम दाखवून म्हणता येतं.

प्रत्येक जखम मात्र शाळेचा दोष नसते, हेही मनापासून मान्य करायला हवं. पुरेसं लक्ष असताना, नेहमीच्या खेळात गुडघा फुटला तर तो बालपणाचा भाग आहे. शाळेने भीतीपोटी आपल्या मुलाला खेळातून, सहलीतून, सरस्वती पूजनाच्या कार्यक्रमातून बाजूला बसवावं असं मला अजिबात वाटत नाही. सुरक्षेच्या नावाखाली वगळणं हाही भेदभावच आहे.

पहिलं पाऊल: शाळेला लेखी कळवा

बाईंना तोंडी सांगितलेलं असतं. बाई वर्षभरात बदलतात, किंवा त्या दिवशी रजेवर असतात आणि वर्ग दुसऱ्या कुणाच्या हाती असतो. म्हणून दर वर्षी, वर्ग बदलला की, मुख्याध्यापकांच्या नावे एक पत्र द्या. दोन प्रती घेऊन जा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. कारकून शिक्का द्यायला कां-कू करत असेल, तर तेच पत्र पोच मिळेल अशा टपालाने किंवा शाळेच्या ईमेलवर पाठवा.

पत्रात निदानाचं भारदस्त नाव लिहून थांबू नका. 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे' एवढ्यावरून शिक्षकाला काय करायचं ते कळत नाही. धोका काय, तो कधी येतो आणि त्या वेळी काय करायचं, या तीन गोष्टी साध्या शब्दांत हव्यात. फिट येणाऱ्या मुलासाठी मजकूर असा असू शकतो:

"माझा मुलगा इयत्ता तिसरीत आहे. त्याला अपस्मार आहे. झोप कमी झाली किंवा ताप आला तर फिट येण्याची शक्यता वाढते. फिट आल्यास त्याला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही ठेवावं, दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ बघावं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ ला फोन करावा आणि लगेच आम्हाला कळवावं. पाण्याजवळ आणि उंचावर त्याच्यापासून हाताच्या अंतरावर एक मोठी व्यक्ती असावी. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. हे पत्र वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि बालरथावरील मदतनीस यांना वाचून दाखवावं, ही विनंती."

आपल्याकडे अजूनही फिट आलेल्या मुलाच्या हातात किल्ल्या देतात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. हे करू नका असं पत्रात स्पष्ट लिहायला संकोचू नका.

इतर मुलांचे धोके वेगळे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत त्यांना कोलांटउडी मारायला लावू नये. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा कमी असतो) गिळायला त्रास होत असेल, तर मध्यान्ह आहाराचा घास घशात अडकू शकतो, म्हणून कसं बसवायचं आणि किती मऊ द्यायचं ते लिहा. स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलाला पायाला चटका बसलेला अनेकदा कळत नाही, त्यामुळे उन्हात तापलेली लोखंडी घसरगुंडी त्याच्यासाठी घातक ठरते. आवाज वाढला की फाटकाबाहेर पळणारं मूल असेल, तर फाटकावर कोण असणार हा प्रश्न पत्रातच विचारा. मूल बोलत नसेल तर त्याला दुखतंय हे ते कसं दाखवतं, तेही लिहा: कान धरून बसतं, जेवत नाही, एकाच जागी गोल फिरतं. पाय दुखावलेलं मूल दिवसभर 'हट्टी' म्हणून एका कोपऱ्यात बसून राहण्याचे प्रकार असेच होतात.

सोबत यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचा दाखला जोडा. दाखला अजून हातात नसेल तर डॉक्टरांचं पत्र पुरतं. दाखल्याची वाट बघत हे पत्र लांबवू नका.

दुसरं पाऊल: शाळा स्वतः फिरून बघा आणि ठरलेलं लिहून घ्या

शक्यतो पावसाळ्यात जा. आपल्याकडच्या जुन्या शाळांमध्ये चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत, जून उजाडला की त्यांवर शेवाळ धरतं. व्हरांड्यात पावसाची झड येते आणि लादी निसरडी होते. आवारात कठडा नसलेली विहीर असते, मागे उतार असतो. वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर तो खाली आणायला सांगा. खर्च शून्य, आणि कित्येक शाळा विचारल्यावर लगेच तयार होतात. रॅम्प असेल तर त्याचा चढ बघा. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी, नाहीतर व्हीलचेअर उलटते. शौचालयात आधाराची दांडी आहे का, आतून कडी अडकली तर बाहेरून उघडते का, तेही पाहा.

मग मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांच्याबरोबर अर्धा तास बसा. प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकच विशेष शिक्षक आठवड्यातले ठरावीक दिवस येतो. तो नसलेल्या दिवशी मुलाकडे कोण बघणार, हा बैठकीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मधली सुट्टी, शौचालय, खेळाचा तास आणि शाळा सुटल्यावरची वीस मिनिटं, या चार वेळांसाठी माणसाचं नाव ठरवून घ्या. 'आम्ही सगळेच लक्ष ठेवतो' याचा अर्थ बहुतेक वेळा कुणाचंच लक्ष नसतं असा होतो.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना चार ओळींचा ईमेल पाठवा: आज असं असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवावं. उत्तर आलं नाही तरी तो तुमचा पुरावा होतो. आणि खरं सांगायचं तर तो शिक्षकांच्याही उपयोगाचा असतो. काय करायचं हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्या शिक्षकाच्या हातून अपघात कमी होतात.

सहलीचं अनुमती पत्र

'काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' असं छापलेल्या कागदावर सही केली, म्हणून घाबरू नका. मूल सहलीला जातंय हे तुम्हाला माहीत होतं एवढंच त्या सहीने सिद्ध होतं. निष्काळजीपणाची मुभा कुणालाही मिळत नाही. तरीही सहीखाली हाताने लिहा: 'दिनांक अमुकच्या पत्रातील सूचना सहलीलाही लागू'. धबधबा, नदी किंवा समुद्र असेल तर सोबत किती मोठी माणसं आहेत आणि औषधं कुणाकडे असणार, ते विचारून मगच पाठवा. बंगळूरमधल्या एका शाळेची विद्यार्थिनी डिसेंबर २००६ च्या उत्तर भारत सहलीत आजारी पडली. वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिला राज्य ग्राहक आयोगाने दिलेली सुमारे ८८ लाख ७३ हजारांची भरपाई राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कमी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती पूर्ववत केली.

इजा झाली त्या दिवशी

आधी उपचार. १०८, जवळचं आरोग्य केंद्र, म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय, गंभीर असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). शाळेशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना मात्र खरं तेच सांगा: शाळेत, अमुक वाजता, असं असं झालं. 'घरी पडला असं सांगा, उगाच पोलिसांचं लफडं नको' असं कुणी प्रेमाने सुचवलं तरी ऐकू नका. केसपेपरवर पहिल्या तासात जे लिहिलं जातं, ते पुढे बदलणं फार कठीण जातं. डॉक्टरांना प्रकरण मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवण्यासारखं, वाटलं तर ते तशी नोंद करतील, त्याला विरोध करू नका.

जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन दिवसांनी पुन्हा काढा. फाटलेला गणवेश, तुटलेला चष्मा, कॅलिपर (पायाचा आधार), श्रवणयंत्र धुऊन-पुसून ठेवू नका, तसंच पिशवीत घालून ठेवा. बोलू शकणाऱ्या मुलाला एकदाच, मोकळा प्रश्न विचारा: काय झालं? त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ टाका. पुन्हा पुन्हा, सुचवून विचारलं की मूल गोंधळतं आणि नंतर त्याच्या सांगण्यावर शंका घेतली जाते. न बोलणारं मूल खुणांनी, चित्रांनी सांगू शकतं, आणि पोलीस व न्यायालयापुढे विशेष शिक्षक किंवा दुभाषी सोबत घेण्याची सोय कायद्यात आहे.

शाळेने उपचाराला उशीर केला असेल तर तेवढी बाब वेगळी लिहून ठेवा: इजा किती वाजता, तुम्हाला फोन किती वाजता, रुग्णालयात किती वाजता. गोवा बाल कायदा, २००३ मधली बालछळाची व्याख्या बरीच रुंद आहे. जखमी मुलावर तात्काळ उपचार न केल्यामुळे त्याच्या वाढीला गंभीर बाधा, कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आला, तर तेही तिच्यात येतं. हा आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे, त्यासाठी वेगळं बाल न्यायालय आहे, आणि बाहेरून गोव्यात आलेल्या वकिलांनाही कधी कधी तो पटकन आठवत नाही.

पहिला आठवडा

दुसऱ्याच दिवशी शाळेला लेखी मागणी द्या: सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं. काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढतं आणि मग कुणी मुद्दाम पुसायचीही गरज राहत नाही. त्याच पत्रात अपघाताची नोंद, त्या वेळी ड्युटीवर असलेल्यांची नावं आणि हजेरीची प्रत मागा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर माहिती हक्काखाली अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

या आठवड्यात शाळेकडून कुणीतरी घरी येतं. औषधाचे पैसे देतात, माफी मागतात, आणि एक कागद पुढे करतात: आमची काही तक्रार नाही. पैसे घ्यायला हरकत नाही, पावती द्या. पण 'तक्रार नाही' वर सही करू नका. मेंदूला मार, हाडाची वाढ, मनावरची भीती, यांचे परिणाम कळायला महिने लागतात. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या वतीने चाललेल्या दाव्यात तडजोड करायलासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते, हे त्या मंडळींना शांतपणे सांगा.

कुठल्या दारात जायचं

साधी निष्काळजी आणि शाळा ऐकून घेणारी असेल, तर मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन, मग भागशिक्षणाधिकारी आणि पर्वरीचं शिक्षण संचालनालय. सोयी नसल्यामुळे इजा झाली असेल तर राज्य दिव्यांग आयोगाकडे जा. पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवामुळे हा आयोग अनेकांना माहीत झाला, पण तक्रारी ऐकणं हे त्याचं खरं काम आहे. या आयोगाच्या राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित अधिकाऱ्याला ३ महिन्यांत कळवावं लागतं. गोवा बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते. मूल धोक्यात असेल तर १०९८.

मारहाण, बांधून ठेवणं, कोंडणं, व्हीलचेअर किंवा श्रवणयंत्र मुद्दाम काढून घेणं, हे अपघात नव्हेत. तिथे पोलीस स्टेशन गाठा आणि लेखी तक्रार द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. दिव्यांग कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ ताब्यातल्या मुलाशी क्रूर वागणाऱ्यांना लागतं, आणि कलम ८५ प्रमाणे मूल दिव्यांग असेल तर शिक्षा दुप्पट. निष्काळजीपणाने गंभीर इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोक्सो कायद्याखाली कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. तिथे अंतर्गत चौकशीची वाट बघायची नाही.

भरपाई आणि मुदती

बालरथात किंवा चढता-उतरताना इजा झाली असेल, तर मोटार अपघात दावा प्राधिकरण हा सहसा सोपा मार्ग. वाहनाचा विमा असतो, आणि गंभीर इजेसाठी कुणाची चूक ते सिद्ध न करताही अडीच लाख मागता येतात. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. इतर ठिकाणी दिवाणी दावा. त्याची मुदत साधारण ३ वर्षं, आणि मूल अज्ञान असेल तर ती १८ पूर्ण झाल्यावर मोजली जाते. तरी थांबू नका, साक्षीदार बदली होऊन जातात. सरकारी शाळेविरुद्ध दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. शाळा ग्राहक कायद्यात येते की नाही यावर वाद चालू आहे. तो मार्ग धरायचाच तर मुदत २ वर्षं, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

मूल १८ चं झालं आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल, तर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. विशेष शाळांत मोठी मुलं असतात, म्हणून हे आधीच करून ठेवा.

वकिलाच्या पैशांची काळजी करणाऱ्यांसाठी: महिला, बालकं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आणि वकिलाकडे जाताना फक्त रुग्णालयाची बिलं नेऊ नका. थेरपीचे वाढलेले तास, टॅक्सीचं भाडं, आईने सोडलेली नोकरी, पुढे लागणारा मदतनीस, या सगळ्याची तारीखवार वही न्या.

शाळेत परत पाठवताना

तक्रार केली म्हणून शाळा मुलाचं नाव कमी करू शकत नाही. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत, मुलाला काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मनाई करतं. 'आईने रोज वर्गात बसावं' ही अटही मान्य करू नका. चार दिवस मुलाला बरं वाटावं म्हणून बसायचं असेल तर तो तुमचा निर्णय. परतण्याआधी पुन्हा बैठक घ्या, आणि तिथे एकच विषय ठेवा: त्या जागी, त्या वेळी, आता काय बदललं आहे? पायरीला खरखरीत पट्टी लागली का, मधल्या सुट्टीत कोण उभं राहणार, बालरथाच्या मदतनिसाला कुणी शिकवलं. जुन्या पत्राच्या जागी नवं पत्र द्या, त्यात झालेल्या इजेचा तारखेसह उल्लेख करा, शिक्का घ्या, आणि तीन महिन्यांनी हीच योजना पुन्हा तपासायची तारीख त्याच कागदावर मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या.